विनाट्यूब सव्वीस दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०
लेकीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. २४ तारखेला जाणार. काल चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा तळ्यापर्यंत सायकलने जाऊ. तू आणि मी, दोघंच." मी लगेच हो म्हटलं. तळं टेकडीवर. चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन चढाचे. किरकोळ.

खाली पार्किंगमध्ये जाऊन सायकल पाहिली. स्टीलची हार्डटेल माउंटन बाइक, म्हणजे पुढे शॉक ॲब्सॉर्बर आणि मागे काही नाही, नुसता कणा. वय एकोणीस. आजकालच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांना तिची सर नाही. दोन्ही चाकं बसलेली. सीटवर शेजाऱ्यांच्या मांजरीने संसार थाटलेला.

असं जाणं बरं दिसणार नाही. अर्ध्या वाटेत पंक्चर झालं तर लेकीसमोर शोभा. निर्णय: ट्यूबलेस. आत ट्यूबच नाही. टायर थेट रिमवर घट्ट बसतो, आत दुधासारखं सीलंट असतं, काटा घुसला की भोक आपलं आपण बुजतं. रविवारी तयार. शिवाय रोज सकाळी सहा मजले जिना चढायचा. उद्यापासून.

४ फेब्रुवारी, बुधवार
जिना चढलो नाही. आधी सायकल, मग शरीर. एका वेळी एकच प्रोजेक्ट.

व्हिडिओ पाहिले, नऊ. त्यातल्या पोरसवदा माणसाला एका चाकाला आठ मिनिटं लागतात. मला सहा लागतील. बावीस वर्षं नळाच्या कारखान्यात गळती-तपासणी विभागात काढली आहेत. हवा कुठून निसटते ते मला यूट्यूबने शिकवू नये.

सायकलवाल्याकडे सीलंट आणि व्हॉल्व्ह घ्यायला गेलो. म्हणाला, काका, चाकं इथेच आणा, कॉम्प्रेसरने दहा मिनिटांत करून देतो. मी नको म्हटलं. मग विचारतो, चालवता किती? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध.

५ फेब्रुवारी, गुरुवार
जुन्या ट्यूब कात्रीने कापून टाकल्या. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. त्या रबराचे पट्टे करून रद्दीचे गठ्ठे बांधले. हिने विचारलं, टायर जमला नाही तर? या घरात नकारात्मक विचार फार.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपार
रिमला आतून स्पोकची बत्तीस भोकं असतात. त्यांच्यावर खास टेप लावावी लागते. सायकलवाल्याची टेप काय ती! आमच्याकडे नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप आहे, अख्खं शहर तिच्या भरवशावर तोंड धुतं. तीच लावली. अकरा वेढे. या टेपला चिकटपणा अजिबात नसतो हे मला माहीत होतंच, पण वेढ्यांच्या संख्येने ती उणीव भरून निघते.

पंप मारला. चारशे वीस झटके. मोजले. टायर फुगला नाही, मी मात्र सोफ्यावर आडवा झालो. छाती धडधडत होती. पंप निकृष्ट आहे.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१५
लेक बूट घालून तयार. आपली सायकल पुसून ठेवली होती, बाटली भरली होती. मी म्हटलं, थोडं टेक्निकल काम बाकी आहे. म्हणाली, साधी ट्यूब घालून जाऊ की, काय फरक पडतो? काय फरक पडतो! या पिढीला पाया पक्का करणं म्हणजे काय ते माहीतच नाही.

पुढचा रविवार पक्का सांगितला. ती बूट काढत थोडा वेळ तिथेच बसून राहिली. मग वर्तमानपत्र वाचू लागली. वाईट वाटलं नसावं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
चाक कारखान्यात नेलं. गेटवरच्या वॉचमनने नोंदवहीत 'चाक, १ नग, खासगी' असं लिहिलं. नळ तपासायच्या पाण्याच्या हौदात बुडवलं आणि लाइनमधली हवा सोडली. बत्तीसच्या बत्तीस भोकांतून बुडबुडे. हौद उकळतोय की काय असं वाटत होतं. सगळं डिपार्टमेंट जमलं. आमचा हेल्पर, ज्याला सगळे 'मास्तर' म्हणतात कारण तो सगळ्यांच्या चुका काढतो, तो म्हणाला की साहेब, हा नळ असता तर तुम्ही रिजेक्टचा शिक्का मारला असता. मी म्हटलं, हा नळ नाही. त्यावर मान खाली घालून चार जण हसले.

निष्कर्ष: पद्धत बरोबर, रिम जुनी.

जिना: तीन मजले. मग लिफ्ट आली, तिला रिकामी कशाला पाठवायची.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.३०
अखेर सायकलवाल्याची टेप आणली. (दुकान रस्त्यातच लागतं.) पहाटेच उठून हॉलमध्ये कामाला बसलो. सीलंट ओतलं, मास्तरकडून आणलेल्या मोठ्या पंपाने हवा भरली. टायर छान चढत होता. कड रिमवर बसते तेव्हा टक्क आवाज येतो म्हणतात. आला. मग दुसरा आला, तो बराच मोठा होता.

टायर एका बाजूने रिम सोडून बाहेर. सीलंट भिंतीवर, पंख्यावर, टीव्हीवर, आणि लेकीची बॅग उघडी होती तिच्यात. नोकरीसाठी घेतलेल्या दोन काळ्या पँटींवर पांढरे ठिपके. ही दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

लेक मात्र हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. माझ्या कानामागचं सीलंट तिने ओल्या फडक्याने पुसलं. मग म्हणाली, आज तरी येतोस का, आईची सायकल घे. आईची सायकल म्हणजे पुढे बास्केटवाली. मी म्हटलं, पुढचा रविवार, शब्द देतो. "बाबा, तो शेवटचा आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
जिना: बंद. गुडघा. रविवारसाठी राखून ठेवतोय.

लेक रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते. काहीतरी बोलायचं असावं. मी टायरबद्दल सांगत असतो. लक्ष देऊन ऐकते बिचारी. आवड निर्माण होतेय.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
झालं! दोन्ही चाकं ट्यूबलेस. काम सायकलवाल्याने केलं, पण माझ्या देखरेखीखाली. कॉम्प्रेसर लावला, दोन टकटक, संपलं. नऊ मिनिटं. त्याने बजावलं की आता थोडी चालवा, म्हणजे सीलंट सगळीकडे पसरेल.

चालवतच घरी आलो. वाटेत पूल लागतो, त्याच्यावर किंचित चढ. खरं तर चढ म्हणावा असाही नाही. टायर तपासायला म्हणून उतरलो. पन्नास पावलांवर पुन्हा तपासायला उतरलो. कठड्याला टेकून बराच वेळ तपासत होतो. एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन बाजूने चालत पुढे गेले. मला विचारलं, बरं वाटतंय ना? टायर उत्तम होता.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, झाली का? झाली म्हटलं. तिने टाळी दिली. सकाळी सहाला निघायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ५.२०
झोप नीट लागली नाही. खाली येऊन सायकल पाहिली. दोन्ही टायर टणक. शंकेला जागा नाही. तरी हवेचा दाब एकदा तपासावा म्हणून मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबला. तपासणी आवश्यकच असते. जरा जास्त वेळ दाबला गेला. कड सरळ आहे ना हे पाहायला अंगठ्याने थोडं आत ढकललं, तर ती रिमवरून सुटली.

सकाळी ९.४५
साध्या पंपाने टायर परत बसेना. सायकलवाल्याचं दुकान रविवारी बंद. लेक पार्किंगमध्ये पायरीवर बसून होती. पहिल्यांदा म्हणाली, आईची सायकल. मग म्हणाली, चालत जाऊ, जमेल तिथपर्यंत. मी म्हटलं, अर्धा तास थांब, होतंय. असे चार अर्धे तास झाले. मग ती उठली, म्हणाली सामान बांधायचंय. तिच्या सायकलला कुलूप लावून वर गेली.

साधनं नीट नसली की असं होतं. माणूस काय करणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
लेक गेली. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, टायर झाला की सांग. टेक्निकल गोष्टींत तिला रस आहे हे मी आधीच ओळखलं होतं. घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासून झाली होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार
मागचा टायर पुन्हा बसवून आणला. सायकलवाल्याने कड पाहून विचारलं, ही आपोआप कशी सुटली काका? मी म्हटलं, तुमचं काम कच्चं. उद्या तळ्यावर एकट्याने ट्रायल. लेकीला वरून फोटो पाठवणार.

१ मार्च, रविवार. दुपार
गेलो. सपाट रस्त्यावर सायकल लोण्यासारखी चालली. चढ सुरू झाला आणि पहिल्या वळणाच्या आतच उतरलो. नंतर सायकल ढकलत वर नेली. एक तास दहा मिनिटं. तेवढ्या वेळात चालणाऱ्या दोन बायका आणि एक कुत्रा मला मागे टाकून गेले. वर बसलो. फोटो काढला नाही.

घरी आल्यावर हिने पाणी दिलं आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी म्हटलं, चढ जरा जास्तच आहे. ही म्हणाली, पोरीला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात तिने आईला सांगून ठेवलं होतं की बाबाला तो चढ झेपायचा नाही, तिथे दोघं उतरू आणि ढकलत जाऊ, तेवढाच तासभर त्याच्याशी बोलता येईल. नवीन शहरात एकटीने राहायची तिला भीती वाटत होती. रात्री उठून बसायची. तिच्या मनात काय ते मी ऐकावं एवढंच हवं होतं तिला.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? "अहो, रोज संध्याकाळी तुमच्याजवळ येऊन बसत होती ती," ही म्हणाली. "अजून काय सांगायचं होतं?"

त्या रविवारी हवा मी सोडली. टायरला काही झालं नव्हतं. तिच्यासमोर धापा टाकत उतरायला लागेल म्हणून सोडली. इथे लिहायला हरकत नाही. मला माझी लाज वाटते आहे आणि तिची फार आठवण येते आहे.

संध्याकाळी ५.१०
फोन केला. मागे पोरींच्या हसण्याचा आवाज होता. खोलीतल्या मैत्रिणींबरोबर बाहेर निघाली होती. मी विचारलं, तिथे एकटीला भीती वाटते का गं?

"आता नाही वाटत, बाबा."

मग तिनेच टायरचं विचारलं. हवा टिकून आहे म्हटलं.