‘सोयरीक’चा लढा

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७

‘सोयरीक’ ॲप तयार. कल्पना माझी, नाव माझं. कोडिंग वगैरे प्रशांतने केलं. प्रशांत म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, वेसूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हुशार आहे, पण दूरदृष्टी कमी.

सुरतेत आपल्या समाजाची चारशे बारा कुटुंबं. पांडेसरा, बमरोली, उधना. अजून स्थळं झेरॉक्सच्या वहीत बघतात. आता फोनवर बघतील. चौदा वर्षं मंडळाचा चिटणीस आहे, एवढं तरी करून दाखवायला हवं. अध्यक्ष हिलालनाना आहेत, पण तो फक्त वयाचा मान.

२१ डिसेंबरला वधू-वर मेळावा. त्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप. संकल्प पक्का.

१४ नोव्हेंबर, रात्रपाळीहून आल्यावर

फोनच्या ॲप स्टोअरने ॲप नाकारलं. म्हणे, लग्नाच्या ॲपला लोकांचे मेसेज आणि सगळे कॉन्टॅक्ट कशाला हवेत. शिवाय लोकांच्या माहितीचं तुम्ही काय करणार ते लिहिलेलं नाही.

कॉन्टॅक्ट मीच मागायला लावले होते. एका माणसाने ॲप टाकलं की त्याचे सगळे नातेवाईक आपोआप मंडळाकडे आले पाहिजेत. याला दूरदृष्टी म्हणतात. स्टोअरला काय कळणार.

उत्तर लिहिलं. अडीच मिनिटांत परत तेच पत्र आलं. मशीन उत्तर देतं. आमच्या डाईंग मिलमध्ये सुद्धा तक्रार ऐकायला एक माणूस असतो, वाईट का होईना.

१६ नोव्हेंबर

पेपरमध्ये सगळं सापडलं. हा माझ्या एकट्याचा प्रश्न नाहीच. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी आहे. फोन त्यांचा, दुकान त्यांचं, दुकानात कोण बसेल तेही तेच ठरवणार. युरोपात कायद्याने दुसरी दुकानं उघडायला लावली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने दंडसुद्धा केलेला आहे. कंपन्यांचं एकच पालुपद: सुरक्षा, सुरक्षा.

म्हणजे मी नकळत एका मोठ्या लढ्यात उतरलो आहे. बायकोला, शोभाला, सांगितलं. तिने विचारलं, गॅसचा नंबर लावला का. लावला नव्हता.

१९ नोव्हेंबर

आयोगाला नऊ पानी अर्ज लिहिला. वेबसाइटवर पाहिलं तर नमुना ठरलेला आहे, फी आहे, पुरावे जोडायचे आहेत. पुढच्या आठवड्यात करतो. तोपर्यंत नैतिक मार्ग.

नैतिक मार्ग म्हणजे ॲपची फाइल थेट व्हॉट्सॲपवर. स्टोअरची गरजच नाही.

प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, मामा, स्टोअरवाले मुजोर आहेत हे खरं. त्यांच्याकडे माणूस नाही, दाद नाही, हेही खरं. पण त्यांनी काढलेल्या दोन्ही चुका बरोबर आहेत. मी पंधरा दिवसांत दुरुस्त करतो, परत पाठवू. आज फाइल वाटलीत तर लोकांना फोनचं कुलूप काढायची सवय लागेल, मग उद्या कोणीही काहीही पाठवेल.

मी म्हणालो, तू कंपन्यांची भाषा बोलतो आहेस. तो गप्प झाला. मुद्दा पटला असावा.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या खोलीत साठ-सत्तर लोक. चाळीस मिनिटं बोललो. मक्तेदारी, आयोग, युरोप. मग प्रात्यक्षिक. फाइल उघडली की फोन लाल पाटी दाखवतो: ही फाइल धोकादायक असू शकते. मी सांगितलं, हीच ती कंपनीची भीती. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तरीही इन्स्टॉल करा. तेच दाबायचं. याचा व्हिडिओपण काढून ग्रुपवर टाकला.

शेजारचे निंबाबापू पुढे येऊन बसले होते. लूमवर तीस वर्षं काढलेला माणूस, फोनला हात लावताना आधी हात पुसतो. म्हणाले, “ललितभाऊ, आठे काय दाबनं?” मी त्यांचं बोट धरून दाबून दिलं.

त्यांची मुलगी चैताली हजीऱ्याला कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, “काका, फोन आपल्याला उगाच कशाला घाबरवेल?” मी म्हणालो, धंदा आहे बेटा. तिने स्वतःच्या फोनवर घेतलं नाही. बापूंच्या फोनवरून स्वतःची माहिती भरली. सुशिक्षित मुली जरा संशयी असतात.

७ डिसेंबर

दोनशे साठ फोनमध्ये ॲप. आणि पहिलं यश. बारडोलीच्या कुटुंबाने ॲपवर चैतालीचा फोटो पाहिला. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. आज पाहणं झालं. दोघं गच्चीवर तासभर बोलत होती. खाली आल्यावर चैताली हसत होती, ती हे लपवायला पाणी प्यायला आत गेली. मेळाव्यात सुपारी फोडायची ठरलं.

निंबाबापू माझे दोन्ही हात धरून उभे राहिले.

आयोगाचा अर्ज राहिला आहे. पण यशापुढे अर्ज काय.

११ डिसेंबर, दुपारी, मिलमधून

‘सोयरीक २.०’ आलं. दोंडाईच्याच्या एका सभासदाने पाठवलं. चिन्ह तेच, नाव तेच, फाइल जरा मोठी. प्रशांतने शेवटी मनावर घेतलं म्हणायचं. मला न सांगता केलं, हे बरं नाही, पण तरुणांना श्रेय हवं असतं.

चारही ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, सर्वांनी त्वरित घ्यावे, जुने काढावे, लाल पाटीला घाबरू नये. निंबाबापूंना वेगळं पाठवलं, त्यांचं ग्रुपवर लक्ष नसतं.

१२ डिसेंबर

सकाळपासून फोन. कोणाचं व्हॉट्सॲप बंद, कोणाच्या नावाने भलत्याच लिंक चालल्या आहेत. सर्व्हरचा लोड असेल. प्रशांतला विचारलं. तो म्हणाला, मामा, मी काही पाठवलेलंच नाही.

मग म्हणाला, ती फाइल कोणी टाकली असेल त्याला सांगा, फोन बंद करा, सिम काढा.

कोणी टाकली असेल, असं तो म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. गडबडीत होता.

१४ डिसेंबर

हे कोणीतरी सायबर बदमाश आहेत. आपलं ॲप घेऊन त्यात काहीबाही घातलं. याचा अर्थ आपलं ॲप नक्कल करण्याइतकं मोठं झालं. हे शोभाला सांगितलं नाही.

निंबाबापूंच्या फोनमधून सगळं गेलं. चैतालीचे फोटो, तिचा नंबर, बायोडेटा. कुठल्यातरी घाणेरड्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली काय काय लिहून टाकलं आहे. परवापासून तिला अनोळखी माणसांचे फोन. एकाने कारखान्याच्या बसचा थांबा सांगितला, वेळेसकट. ती तीन दिवस कामाला गेलेली नाही.

बारडोलीच्या लोकांना बापूंच्या नंबरवरून त्या ग्रुपची लिंक गेली. लिंकवर होणाऱ्या सूनबाईंचा फोटो. त्यांनी निरोप पाठवला, जरा थांबू.

थांबू म्हणाले आहेत. नाही म्हणालेले नाहीत.

१६ डिसेंबर

बापूंनी सायबर पोलिसांत तक्रार दिली. मी बरोबर जाणार होतो. मिलमध्ये ऑडिट होतं. ऑडिट उद्या आहे, पण तयारी आजच करावी लागते.

चौकीतून परतलेले बापू त्यांच्या दारात उभे दिसले. मी गॅलरीतून आत आलो. ऊन होतं.

१८ डिसेंबर

ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. ११ तारीख, दुपारी १.४२. माझाच मेसेज. त्याखाली एकशे अठरा अंगठे.

डिलीट करायला गेलो. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ आता येत नाही, वेळ निघून गेली. फक्त ‘माझ्यासाठी डिलीट’ येतं. ते केलं. आता माझ्या फोनमध्ये तो मेसेज नाही.

तसं पाहिलं तर मूळ दोष दोंडाईच्याच्या माणसाचा. त्याच्याही आधी बदमाशांचा. त्याच्याही आधी स्टोअरचा. त्यांनी ॲप घेतलं असतं तर फाइल वाटायची वेळच आली नसती. हा मुद्दा भक्कम आहे. दोन वेळा लिहून पाहिला, दोन्ही वेळा भक्कम वाटला. झोप मात्र नाही.

१९ डिसेंबर

मेळावा रद्द. त्याऐवजी रविवारी सभा, चिटणिसांनी खुलासा करावा. अकरा पानांचं भाषण तयार केलं. नाव: स्पर्धा, सुरक्षा आणि समाज.

शोभा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आपल्या धनश्रीचं नाव का नाही टाकलं ॲपवर?”

म्हणालो, तिचं एम.एस्सी. चालू आहे.

“जूनमध्ये संपलं.”

म्हणालो, मुलीचे फोटो असे कुठेही...

वाक्य अर्धं राहिलं. ती मेथी निवडत राहिली. तिने पुढे काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर, रविवार, सभेहून आल्यावर

जसं घडलं तसं लिहितो.

खोली भरली होती. मी उभा राहिलो, पहिलं पान वाचलं. युरोपापर्यंत आलो तेव्हा मागून चैताली उठली. ओढणी डोक्यावरून घेतली होती, घरात सुद्धा तशीच बसते म्हणे. ती मोठ्याने बोलली नाही.

म्हणाली, “काका, बाबांच्या फोनवर लाल पाटी आली होती. मी म्हटलं, नका दाबू. बाबा म्हणाले, ललितभाऊंनी पाठवलं आहे, दाब.” मग म्हणाली, “म्हणजे चूक फोनची नाही, बाबांची नाही, मीच चुकले का? मला तेवढंच सांगा. कारण घरी सगळे तसंच बघतात.”

मी दुसरं पान काढलं. तिथे सुरक्षेचा बाऊ कसा केला जातो याबद्दल होतं.

तेवढ्यात प्रशांत उठला. म्हणाला, चूक माझी. मेसेज आणि कॉन्टॅक्ट मागणारं ॲप मी बनवायलाच नको होतं, आणि फाइल वाटू द्यायला नको होती. हिलालनाना त्याच्यावर तापले. शिकलेली पोरं समाजाला बुडवतात, म्हणाले. लोक माना हलवू लागले. प्रशांत खाली बघून ऐकत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मी बसू शकत होतो. खुर्ची मागेच होती. खरं सांगायचं तर मी बसलोसुद्धा. दोन-तीन मिनिटं बसून होतो.

मग उठून म्हणालो, “कॉन्टॅक्ट मी मागायला लावले. प्रशांत नको म्हणत होता. ११ तारखेची फाइल मी टाकली, न बघता. बापूंना तर वेगळी पाठवली. चैतालीची यात काही चूक नाही.”

एवढंच. अकरा पानांपैकी यातलं एकही वाक्य नव्हतं.

नाना म्हणाले, बस खाली. बापू उठून बाहेर गेले. चैताली त्यांच्यामागे गेली, दारात थांबून चप्पल घालताना तिने भिंतीला हात टेकला होता.

२४ डिसेंबर

पोलिसांत जाऊन जबाब दिला. बापूंना आधी सांगितलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, लाल पाटी काय सांगते ते तुम्ही वाचलं होतं का. म्हणालो, वाचलं होतं, लोकांना वाचूनही दाखवलं होतं. त्यांनी लिहून घेतलं.

शोभाने बारडोलीला फोन केला. मुलाच्या आईने ऐकून घेतलं. मुलगा म्हणे चैतालीशी बोलतो आहे, नव्या नंबरवर. घरचे अजून थांबलेलेच आहेत. पुढचं माहीत नाही. त्यात माझं यश धरायचं नाही, असं शोभा म्हणाली. मी धरणारही नव्हतो. जरासं धरणार होतो.

संकल्प: चिटणीसपद सोडणे. राजीनामा लिहायला बसलो, चार पानं झाली. फाडून दोन ओळी लिहिल्या.

२८ डिसेंबर, रविवार, रात्री ९

आठवडाभर प्रशांत आणि मी घरोघर फिरतो आहोत. फोन घ्यायचा, दोन्ही ॲप काढायची, बाहेरच्या फाइलला दिलेली परवानगी बंद करायची, पासवर्ड बदलून द्यायचे. एकशे चाळीस घरं झाली. काही लोक चहा देतात. काही दारातच फोन देतात. तीन घरांनी प्रशांतला आत घेतलं आणि मला बाहेर उभं ठेवलं. जिन्यात वारा छान येतो.

दुरुस्त केलेलं ॲप प्रशांतने स्टोअरला परत पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. मशीनचंसुद्धा नाही. प्रशांत म्हणाला, याचा राग यायलाच हवा मामा, फक्त तो लोकांच्या फोनवर काढायचा नाही. बाकी मक्तेदारीबद्दल माझं मत कायम आहे. ते कोणी विचारत नाही.

निंबाबापूंचं घर शेवटी ठेवलं होतं. आज गेलो. चैतालीने दार उघडलं. उद्यापासून ड्युटीला जाणार आहे, थांबा बदलून घेतला, एवढं प्रशांतला म्हणाली. मला पाणी दिलं.

बापूंनी हात पुसून फोन पुढे केला. प्रशांतने सगळं बंद करून दिलं. मी बापूंना समजावलं की आता बाहेरची फाइल आली की फोन आधी विचारेल. विचारलं की नाही दाबायचं. कोणीही पाठवलेली असो.

बापू फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आनि तू सांगं तं?”

मी म्हणालो, मी सांगितलं तरी नाही.

त्यांनी लगेच मान डोलावली. चौदा वर्षांत मंडळात माझं म्हणणं कोणी इतक्या पटकन मान्य केल्याचं आठवत नाही.