गटापुरतं लिहिलेलं

रत्नागिरी, एप्रिल २००३

प्रिय मुनीर,

माझं सदर कुवेतपर्यंत पोचत नाही, ह्या भरवशावर मी एक उद्योग करून बसलोय. शाळेच्या शताब्दी अंकासाठी आपण माजी विद्यार्थी ईमेलच्या गटावर कच्चे खर्डे टाकतो ना, त्यातलं तुझं एक वाक्य मी इथल्या साप्ताहिकात छापलं, तेही तुझ्या नावानिशी: ‘छडीला हातपाय फुटले की आठल्ये गुरुजी होतात.’ मेल्या, असलं वाक्य मला वीस वर्षांत सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तू गटावर लिहिलं होतंस, ‘कालचं रागात लिहिलं, खोडा. बाबा गेले तेव्हा ह्याच माणसाने मला वर्षभर आपल्या घरी जेवू घातलं.’ तेही मी वाचलं होतं. त्यात विनोद नव्हता, म्हणून सोडून दिलं.

काल गुरुजींकडे गेलो. कात्रण त्यांच्या उशाशी होतं. म्हणाले, "दिगू, मुनीर मे महिन्यात खजूर घेऊन येईल. त्याला सांग, मी झोपलोय."

तुझं दुसरं टिपण वाचून दाखवलं तर म्हातारा उठून बसेल. पण तेही तू गटापुरतंच लिहिलं होतंस. आता तरी तुला विचारायला हवं, आणि विचारायचं तर आधीचं कबूल करावं लागतं.

हे पत्र पाचव्यांदा लिहितोय. आधीच्या चारांत सगळा दोष संपादकाचा होता. कुणाच्या हाती लागून छापली जाऊ नयेत म्हणून ती चारही बंबात घातली. हे पाचवंही बंबाजवळ बसूनच लिहितोय.

तुझा, अजून म्हणवत असेल तर,
दिगू