चिनूचं जावळ

शनि., ९ मार्च १९९६
मुक्ताच्या दप्तरात शाळेच्या नर्सची चिठ्ठी. डोक्यात उवा आहेत, साफ होईपर्यंत घरी ठेवा. माझ्या पोरीच्या डोक्यात! रोज तेल, रोज घट्ट वेण्या, आणि तरी. बाल्कनीत उजेडाला बसवून बघितलं तर कानामागे लिखाच लिखा. तिसरीतली पोर, मान खाली घालून बसली.

मग धाकट्या चिनूचं डोकं. बाई गं! ह्याच्यात तर तिच्याहून जास्त. केस खांद्यापर्यंत आलेत, दोन रबरं लावते, लिफ्टमध्ये सगळे मुलगीच समजतात. पण कात्री लावायची नाही. सातव्या महिन्यात झाला, इथं आखातात, सलमानिया हॉस्पिटलात अठ्ठावीस दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हा सासूबाई गावच्या देवीपुढे बोलल्या, पोर जगू दे, ह्याचं जावळ तुझ्याच पायरीवर काढीन. जगला. मेमध्ये तीन पूर्ण होतील, त्याच्या आत गावी जायचं. तोवर सांभाळायचे हे केस. उवांसकट.

रवि., १०
रात्रभर विचार केला, आल्या कुठून? समोरच्या झुबेदाच्या दोघी पोरी रोज दुपारी इथंच असतात. मुक्ताबरोबर डोक्याला डोकं लावून चित्रं रंगवतात. दुसरं कुठून येणार?

सकाळीच तिचं दार वाजवलं. म्हटलं, "काही दिवस पोरींना पाठवू नका. आमच्याकडे उवा झाल्यात." 'आमच्याकडे' म्हटलं, पण सूर कसा होता ते मला ठाऊक आहे. तिलाही कळलं. "बरं ताई," एवढंच म्हणाली आणि दार लावलं.

हे ड्यूटीवरून आल्यावर म्हणाले, "त्यांची डोकी तपासलीस का?"
नाही तपासली.

मंगळ., १२
फार्मसीतलं औषध लावलं. मुक्ताचं डोकं साफ होतंय. फणीला रोज कमी येतात. चिनू हात लावू देत नाही. केसांचा नुसता गुंता, फणी आत शिरतच नाही. ओढलं की किंचाळतो. कानामागे खाजवून खाजवून लाल केलंय. कापूर घालून खोबरेल चोपडलं. दुसरं काय करू?

त्यात ह्यांची एप्रिलची रजा गेली. दुसऱ्यांदा. प्लँटला शटडाउन, जूनच्या आधी कोणालाच सोडत नाहीत. म्हणजे तिसरं वर्ष संपल्यावर. सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

गुरु., १४
दुपारी फणी फिरवत होते, तर मुक्ता हळूच म्हणाली, "आई, झुबेदा आंटीकडून नाही आल्या. इट वॉज मी."

स्कूलबसमध्ये एकीचा हेअरबँड घातला होता म्हणे. जानेवारीत! खाजतंय हे तिला ठाऊक होतं. झुबेदाच्या पोरींनाही उवा हिच्याकडूनच गेल्या असणार.
"मग बोलली का नाहीस?"
"यू शाउट."

आणि मी ओरडलेच. लपवतेस म्हणून, तुझ्यामुळे भावाचे हाल म्हणून, तुझ्यामुळे माझी मान खाली म्हणून. पाठीत एक धपाटाही घातला. आता हात जड झालाय.
झुबेदाच्या दारापर्यंत गेले. बेल न वाजवता परत आले.

शनि., १६
चिनूला रात्री ताप. सकाळी १०२. कानामागे पू, मानेत सुपारीएवढी गाठ. सलमानियाला नेलं. तीच इमारत, तोच वास.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. जखमा पिकल्यात, केस काढल्याशिवाय औषध पोचणार नाही, आजच काढा. मी विचारलं, जूनपर्यंत थांबलं तर? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "फॉर व्हॉट?"



घरी आल्यावर हे केस कापायचं मशीन काढून बसले. म्हणाले, "तू हो म्हण, मी काढतो." माझ्या तोंडून हो निघेना. उद्या म्हटलं. मी काही फार देवभोळी नाही. पण त्या काचेतून बघत होते तेव्हा मीही हात जोडले होतेच ना? आणि आता शब्द मोडायचा? ज्याच्यासाठी दिला त्याच्याच डोक्यावरून? भीती वाटते. सरळ लिहिते, फार भीती वाटते.

रवि., १७
पहाटे ताप १०३. आता बस्स.

सातला झुबेदाची बेल वाजवली. म्हटलं, "चुकले मी. आमच्या मुक्तानंच दिल्या तुमच्या पोरींना." ती म्हणाली, "ठाऊक आहे. दोघींची डोकी साफ केली मी परवाच. चिनू कसा आहे ते सांगा." तिथंच रडू आलं. नवसाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आमच्यात तर सातव्या दिवशीच उतरवतात. केस गेल्यानं पोराला काही होत नाही. तापानं होतं."

मी म्हटलं, पण जावळाला मामाची मांडी लागते, माझा दादा तिकडे साताऱ्याला. आतून तिचे मिस्टर, कासिमभाई आले. सलमाबादला कामावर जायला निघाले होते, हातात डबा. आजवर मला वहिनी म्हणायचे. डबा ठेवला न् म्हणाले, "चला ताई."

आमच्या हॉलमध्ये पाट ठेवला, त्यावर मांडी घालून बसले, चिनूला पुढ्यात घेतलं. उवांचं डोकं छातीशी धरलं माणसानं, इस्त्रीच्या शर्टावर. चिनू रडायला लागला तर म्हणाले, "मामाच्या मांडीवर कोण रडतो रे?" मी पाच बटा कापल्या. बाकी ह्यांनी मशीन फिरवलं. केवढंसं डोकं निघालं खालून. फोडांनी भरलेलं. पेटीत होतं तेवढंच वाटलं.

उवांचे केस देवीला कसे वाहायचे? आणि टाकायचे तरी कसे? हे म्हणाले, दे टाकून. मी उकळत्या पाण्यातून काढले, वाळवले, पुरचुंडी बांधून प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवली. एकही जिती राहायला नको.

मंगळ., १९
ताप उतरला. गाठ बसतेय. चिनू डोक्यावरून हात फिरवतो आणि "खलास!" म्हणतो. हे कासिमभाईंनी शिकवलं. दुपारी झुबेदाच्या पोरी आल्या. मीच बोलवायला गेले होते. मुक्ता अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

शुक्र., २२
सासूबाईंचा फोन. आज सांगायचंच ठरवलं होतं. रजेचंही, केसांचंही.

त्याच आधी बोलल्या. "मी काल देवीला जाऊन आले गं. म्हटलं, तीन वर्षं होत आली पण केसाला कुणी हात लावलेला नाही. तुझ्या भावालाही निरोप धाडलाय, मांडीवर घ्यायला. केवढे झाले केस?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, "झालेत की, खूप."

मुक्ता शेजारीच उभी होती. फोन ठेवला तरी हलली नाही. मला वाटलं आता विचारेल, मला मारलंस ते कशाबद्दल मग?

तसं नाही विचारलं. म्हणाली, "आई, तू पण घाबरलीस?"
हो म्हटलं.