लायसन्सच्या रकान्यात ‘आहे’

सिंगापूर,
रविवार, १७ एप्रिल २०१६

आदरणीय दादाराव मामा आणि शांतामामी यांना अंजलीचा सविनय जय भीम.

मी इकडे बरी आहे, म्हणजे तब्येतीनं. मामांचा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना अजून दुखतो का? मामी, हे पत्र तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवणार हे माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. (कंसातलं मात्र आधी मनात वाचा आणि मामा जेवल्यावर सांगा.) फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर फोनवर मामा आधी हसतात, आणि मग मला पुढचं बोलवत नाही.

झालंय असं की आम्ही चौघं जूनमध्ये अमेरिकेला सहलीला जाणार आहोत. मी, माझ्या फ्लॅटवर राहणारी अनघा, ऑफिसातला प्रबोध आणि त्याची बायको प्रणिता. तिकडे पश्चिमेला डोंगर-दऱ्यांची मोठमोठी सरकारी उद्यानं आहेत. ती बघायला लोक एक गाडी भाड्यानं घेतात, तिला आरव्ही म्हणतात. आपल्या गावच्या मिनीबसएवढी असते, पण आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. घर घेऊन फिरायचं. (मामी, तुमच्या ओट्यापेक्षा तिचा ओटा लहान आहे, उगाच वाईट वाटून घेऊ नका.) प्रबोध पुण्याचा, त्यामुळे सहलीचाही तक्ता झाला. कोण काय करणार, कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, कुणाला काय खायला चालत नाही, आणि एक रकाना, ‘लायसन्स’.

मामा, मी चौथीत असल्यापासून आपल्या घरातले सगळे फॉर्म भरते. आजीची पेन्शन, तुमचं रेशनकार्ड, शेजारच्यांचेसुद्धा. तेव्हा तुम्हीच शिकवलंत, विचारलंय तेवढंच लिहायचं, खोटं नाही आणि जास्तही नाही. माझ्याकडे लायसन्स आहे. मी लिहिलं, ‘आहे’. गाडी येते का, असा रकानाच नव्हता.

ते लायसन्स कसं निघालं तुम्हाला आठवत असेल. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा हवा होता आणि लाइटबिल घरमालकाच्या नावावर. तुम्ही म्हणालात, लायसन्स काढू, त्यावर पत्ता असतो. परीक्षेला साहेब म्हणाले, पुढे घ्या. मी दहा फूट पुढे घेतली. मागे घ्या म्हणायच्या आत त्यांचा चहा आला. मी आजतागायत गाडी मागे घेतलेली नाही.

पण मी नुसती नियमाला धरून होते असं सांगितलं तर तेही पूर्ण खरं होणार नाही. (मामी, इथून सावकाश वाचा.) त्या दिवशी आम्ही चांगी बिझनेस पार्कच्या फूडकोर्टात जेवत होतो. प्रबोध म्हणाला, “एक राहिलंच. त्या गाडीच्या संडासाची टाकी भरते. दर दोन दिवसांनी पाइप लावून आपणच रिकामी करायची असते.” प्रणितानं चमचा खाली ठेवला. “ई! प्रबोध, जेवताना?” अनघा म्हणाली, “मी स्वयंपाक करते, भांडी घासते, तुमचे मोजे धुते. ते सोडून काहीही सांगा.” प्रबोधनं युट्यूबवर लावून दाखवलं. त्यातला माणूस पाइप बसायच्या आधीच झडप उघडत होता! मामा, माझ्या तोंडावर आलं होतं की अहो, आधी पाइप, मग झडप, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही आणि हातमोजा कोपरापर्यंत. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तुला गं कसं माहीत?

प्रबोध म्हणाला, “जो गाडी चालवेल त्याला टाकी माफ.” आणि मी, जिला दहा फूट गाडी येते, ती पटकन म्हणाले, “माझ्याकडे लायसन्स आहे.”

जे येतं ते लपवायला, जे येत नाही ते येतं असं भासवलं. इतकी वर्षं शिकून मी एवढंच शिकले का?

तेव्हा प्रबोध पहिला ड्रायव्हर होता, मी गरज पडली तर. परवा गाडीवाल्या कंपनीनं लायसन्सचे फोटो मागवले आणि प्रबोधनं स्वतःचं लायसन्स बहुतेक पहिल्यांदाच वाचलं. त्यावर फक्त दुचाकी आहे. “काही हरकत नाही,” तो म्हणाला, “अंजली आहे ना.” तेव्हापासून माझी झोप गेली आहे. वाटेत डोंगरातून एक बोगदा आहे. आपली गाडी मोठी असली की समोरून येणारी सगळी वाहतूक थांबवून ठेवतात. माझ्यासाठी अनोळखी माणसं ताटकळतील या विचारानंच मला घाम फुटतो.

काल सरावासाठी मी ईस्ट कोस्टला, समुद्रकाठच्या बागेत, चारचाकी सायकल भाड्यानं घेतली. तिला स्टिअरिंग असतं. मी ती एका कचरापेटीवर घातली. एक चिनी काका इथल्या पद्धतीनं ‘लाह’ लावत ओरडले, “ब्रेक लाह, ब्रेक!” अनघानं विचारलं, हे काय? मी म्हणाले, अमेरिकेत उजवीकडून चालवतात ना, सवय करतेय. (हे खोटं तर कुठल्या रकान्यातही नव्हतं.)

आणि आता मुख्य. माझ्या ऑफिसच्या टेबलावर तुमचा फोटो आहे. खाकी ड्रेसमध्ये, नगरपालिकेच्या, तुम्ही चालवता त्या संडासाच्या टाक्या उपसायच्या गाडीला टेकून उभे आहात तो. मी सगळ्यांना सांगितलंय की माझे मामा नगरपालिकेत वाहतुकीचं बघतात. फोटोतल्या गाडीवर मी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, ‘मंगळवारी मीटिंग’. तो मंगळवार तीन वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच गाडीच्या पगारावर मी इंजिनिअर झाले. मामा, मला फार लाज वाटते, आणि ती तुमची नाही, माझी.

मी मे महिन्यात दहा दिवस येते. मला गाडी मागे घ्यायला शिकवाल का?

तुमची भाची,
अंजली

ता. क. पाकीट बंद केलं नव्हतं ते बरं झालं. आज बुधवार. आज जेवताना मी तिघांसमोर सगळं सांगून टाकलं, लायसन्स, सायकल, चिठ्ठी, तुम्ही. अनघा म्हणाली, “तीन वर्षं एका घरात राहतो आपण, आणि मला ‘वाहतूक’ सांगितलंस?” ती खरंच रागावली आहे. प्रबोध म्हणाला, “मग टाकीचा प्रश्न सुटलाच, तुला येतंच आहे.” मामा, मी म्हणाले, “नाही. मी शिकवेन. पाळ्या लागतील. पहिली पाळी तुझी.” प्रणिता इतकी हसली की तिला ठसका लागला. “लिही, लिही तक्त्यात,” ती त्याला म्हणाली. त्यानं लिहिलं. सहल ऑक्टोबरवर गेली आहे, कारण गाडी चालवणारं आमच्यात कुणीच नाही. आता सगळे शिकणार आहेत. अनघा सोडून. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

ता. क. २. आता बोलली. पहिला प्रश्न, “हातमोजे कुठले घ्यायचे?” म्हणून विनंती अशी की हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्ही या तिघांना झडपेचं नीट समजावून सांगा. खाकी ड्रेस घाला. गाडीसमोर उभे राहा, पण गाडी झाकू नका. (मामी, फोन तुम्ही धरा. मामा आपलं कपाळच दाखवतात.)

ता. क. ३. या सगळ्यात एक शंका आली, रागावू नका. तुमचं स्वतःचं जड वाहनाचं लायसन्स दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं. मागचा फॉर्म मी भरला होता, सिंगापूरला यायच्या आधी. मामा, म्हणजे ते संपलं असणार. फोटो पाठवा, फॉर्म मी भरते. गाडी येते का, हा रकाना त्यातही नाही. मी बघितलं.