तुझ्या घरची पाळी

मु. केशोरी,
ता. २ ऑगस्ट १९३७

चि. सेवकराम यास उदाराम मास्तरचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. धानाची रोवणी चालू आहे. तुझी बायको देवकाबाई खुशाल, तुझं लेकरू आता धरून धरून चालते.

तुझं पत्र मिळालं. नागपूरचं ट्रेनिंग पास झालास अन् आपल्याच शाळेत हेडमास्तर होऊन येऊन राहिलास, वाचून आनंद झाला. असं लिहावं लागते, म्हणून लिहिलं.

तू लिहितोस, 'दादा, ट्रेनिंगला नाव तुमचं लागायला पाहिजे होतं, पण नशीब.' नशीब कायले मधात आणतोस? त्या दिवशी साहेब येणार, हे नशिबाले माहीत नव्हतं. तुले होतं.

शाळा तपासणीचे साहेब बाजाराच्या दिवशी येणार, आपल्या दोघांचे नमुना पाठ पाहून एकाला ट्रेनिंगला पाठवणार, असं ठरलं होतं. माझं वय सरत आलं होतं. ती माझी शेवटची संधी, हेही तुला ठाऊक. पाठासाठी मी शाळेच्या अंगणात मातीचा तलाव केला होता. बांधाची पार, सांडवा, शेतात जाणारे पाट, सगळं. आणि बाजाराच्या आदल्याच दिवशी तू सकाळी धावत माझ्या घरी आलास.

"दादा, देवकाले कळा येऊन राहिल्या. आज तलावाच्या पारीवर राखणीची माझ्या घरची पाळी आहे. माझ्या जागी तुम्ही उभे राहा न जी."

मी फावडं घेतलं अन् निघालो. खरा तलाव तुडुंब होता, पार पाझरत होती. दुपारी कोतवाल तिकडून जाताना म्हणाला, "काऊन जी मास्तर, साहेब आजच शाळेत आले अन् तुम्ही इथं? ते आज येणार, अशी सकाळीच तर मी सेवकराम मास्तरले खबर दिली."

तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीचा माणूस मी, दुसरा आल्याशिवाय पार सोडत नाही. सोडली असती तर खालची सारी शेतं गेली असती, त्यात तुझंही. मी माती टाकत राहिलो. संध्याकाळी शाळेत पोचलो, तेव्हा साहेब छकड्यात बसत होते. माझ्याच मातीच्या तलावात पाणी सोडून तू तुझा पाठ दिला होतास. साहेबांनी तुझी फार तारीफ केली म्हणे.

कळांचं मी कोणालाच विचारलं नाही. परवा देवकाबाईच सहज बोलून गेली, त्या दिवशी ती दिवसभर रोवणीत होती, गाणी म्हणत. लेकरू तर पुढं दिवाळीत झालं. अरे, पोटातल्या पोराच्या नावानं खोटं बोललास! लाज कशी नाही वाटली रे?

आता लिहितोस, नवे साहेब येतील, तो मातीचा तलाव पुन्हा करून ठेवा. होणार नाही. बाकी तुझं हेडमास्तर म्हणून सारं ऐकीन. हजेरी घेईन, तू वर्गात आलास की उठून नमस्कारही करीन.

पण खरा तलाव पुन्हा भरत आला आहे. सोमवारी तू येशील, त्याच दिवशी पारीवर तुझ्या घरची पाळी आहे. फावडं तुझ्या दाराशी ठेवलं आहे. माझ्याकडे येऊ नको.

तुझ्या हाताखालचा मास्तर,
उदाराम