सुगराबीचे तुरीचे दाणे

मंगरूळपीर, शुक्रवार

अनिसाबाई, सलाम.

तुमची अमरावतीची मेस अजून बिनमिठाचंच वरण देते काय? घरी इंझोरीले बाबाचा गुडघा, म्हैस आन् मी, तिघंही बरे आहोत. चूक माझी नव्हती, हे आधीच लिहून ठेवते.

तुले माहीत आहे, माझा कॉलेजचा कॉम्प्युटर प्रोग्राम अरबी शब्दाचं मूळ शोधते. किताब, कातिब, मकतूब, काहीही द्या, आगंमागं लागलेलं सारं छाटून क, त, ब एवढी तीन अक्षरं काढते (निदान काढाले पाहिजे). मले अरबी येत नाही, म्हणून सर म्हणाले, जाणत्या माणसाकडून पाचशे शब्द तपासून आण, चुकीवर फुली. तुझ्या सुगराबी नानीपेक्षा जाणतं कोण? चाळीस वर्षं पोरायले अरबी शिकवलं त्यायनं. वीस कागद देऊन आली.

मंगळवारी घ्याले गेली तं सारे कागद तखतावर अंथरलेले, त्याच्यावर तुरीचे दाणे सांडलेले, आन् नानी आत नमाज पढत होत्या. मधात कायले बोलू? मी दाणे झटकले, कोंबड्यायले टाकले, कागद गोळा केले आन् एसटी धरली. घरी पाहते तं एक फुली नाही. शंभर टक्के! मी सरायले कळवलं, सरायनं साऱ्या डिपार्टमेंटले. बाबानं गावात पेढे वाटले (ते आता परत मागता येत नाहीत).

आज इथं मंगरूळपीरले नानीले पेढा द्याले आली. त्यायनं विचारलं, "दाणे मोजले काय?"

अनिसा, नानी अरबी अक्षरावर फुली मारतच नाहीत, कुराणाची अक्षरं म्हणून त्यायचा हातच उचलत नाही. पोरायच्या पाटीवरही चुकल्या शब्दावर तुरीचा दाणा ठेवत. तुले हे माहीत होतं, आन् तू बोलली नाही! मलिकमधला म तं मुळातलाच, तोही माझ्या प्रोग्रामनं आगंमागं लागलेला समजून छाटला म्हणे. मले रडूच आलं. नानी म्हणाल्या, "पंधरा दिवस डोळे फोडले, अन् तुनं कोंबड्यायले चारले!"

तुझे जमशेदमामा तिकडे अमरावतीले येऊन राह्यले, त्यायच्या हाती पत्र देते.

तुझी,
मंजुषा

ता.क. सोमवारी सर मले साऱ्यासमोर उभं करणार. खरा आकडा पाहिजे, आन् नानी कागदाले हात लावून नाही राह्यल्या. तू फोन कर, रड, काहीही कर.

आणखी ता.क. फोन नको करू. नानीले पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, आण ते कागद. पण आधी "चूक माझी नव्हती" या ओळीवर एक दाणा ठेवला. मी तो टेपनं चिकटवला आहे. काढू नको, मोजायचा आहे.