चौदा बायकांच्या फोटोचा खुलासा

सांगली,
रथसप्तमीनंतरचा मंगळवार

आदरणीय व्याही श्री. नाथाजीराव यांना सुभेदार (निवृत्त) लालासाहेब, राहणार उंब्रज, हल्ली मुक्काम सांगली, यांचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ते खरं आहे की नाही हे पुढं वाचून तुम्हीच ठरवा. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वडूजची थंडी कोरडी असते आणि कोरडी थंडी गुडघ्याला धरते, असं आमच्या पलटणीतले डॉक्टर सांगायचे. (ओली थंडीही धरते असं तेच सांगायचे. गोळी दोन्हीला एकच द्यायचे.) शाळू कणसात आला असेल. वहिनींची दाढ काढली का अजून लवंगेवरच भागवताय, तेही कळवा. आमच्या होणाऱ्या जावयांचा, वीरधवलरावांचा, फोन दर रविवारी येतो असं ऐकतो. तिकडं सीमेवर बर्फ फार आहे म्हणतात, पण पोरगा तक्रार करत नाही, हे मला आवडलं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या बुधवारी तुमचा फोन आला, तुम्ही "फोटू बघितला" एवढंच बोललात आणि ठेवून दिलात. त्यानंतर मी सात वेळा फोन केला. सातही वेळा एका बाईनं सांगितलं की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती प्रतिसाद देत नाही. (बाई मात्र न चुकता प्रतिसाद देते.) म्हणून हे पत्र. मार्गशीर्षात सुपारी फुटली तेव्हा तुम्ही चारचौघांत विचारलं होतं, "पोरगी लग्नानंतर नोकरी सोडंल न्हवं?" आणि मी मिशीवर हात ठेवून "सोडंल की" म्हणून शब्द दिला होता. लग्न वैशाखात. आणि माघ लागायच्या आत तुमच्या सांगलीतल्या धाकट्या बहिणीनं तुम्हाला फोटो पाठवला, त्यात आमची शिवांजली मध्ये, भोवती काँप्युटरसमोर चौदा बायका, आणि खाली लिहिलेलं, "आपल्या होणाऱ्या सूनबाईंचं ऑफिस. हाताखाली चौदा बायका." सोडणार म्हटलेल्या नोकरीत माणसं भरती झालेली बघून कुणाचंही डोकं फिरेल. तर त्या चौदा बायकांपैकी एकही तिथं कामाला नाही. त्या तिथं कशा आल्या, त्याची कथा लांब आहे आणि दोष माझा आहे.

आमच्या पलटणीतले हंबीरराव तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा मुलगा विश्वजित सांगलीत वेबसाइट बनवायची कंपनी चालवतो. शिवांजली तिथं चार वर्षं आहे आणि मी दीड वर्ष. मला कारभार बघायला ठेवलंय, म्हणजे किल्ल्या, हजेरी, जनरेटर आणि चहा. तिथं बारा माणसं, अकरा पोरं आणि एक शिवांजली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत उभं करून काम समजावून घेतलं. वेबसाइटला दोन बाजू असतात. एक दर्शनी, म्हणजे लोकांना दिसते ती ओसरी. दुसरी मागची, म्हणजे स्वयंपाकघर, जिथं खरा धूर असतो. शिवांजली शिकली मागचं, पण लागली तेव्हा विश्वजितनं तिला पुढं बसवलं. पोरीची जात, रंग बरे निवडेल म्हणून. म्हणजे जगभरात बाईला स्वयंपाकघरात ढकलतात आणि इथं एकीला स्वयंपाकघर येत होतं तर तिला ओसरीवर रांगोळी काढायला लावली. मग तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याची वेबसाइट ऐन सौद्याच्या दिवशी झोपली, अकरा पोरं तिच्याभोवती नाडी बघत उभी राहिली, आणि पोरीनं रंगाचा डबा बाजूला ठेवून वीस मिनिटांत ती उठवली. त्या दिवसापासून ऑफिसात काही अडलं की एकच वाक्य ऐकू येतं, "शिवांजलीला विचार." हे वाक्य मी हजेरीच्या वहीत टिंबं देऊन मोजलं. एका शनिवारी एकोणतीस भरलं.

आणि तरी हुद्द्यानं ती शेवटची. याचं कारण मला सहा महिन्यांनी उमगलं. आमच्याकडं बढती कामावर मिळत नाही, स्थळावर मिळते. एखाद्या पोराचं लग्नाचं बघायला लागले की तो विश्वजितकडं जाऊन सांगतो, पोरीकडचे हुद्दा विचारतात. की लगेच तो 'सीनियर'. दुसरं स्थळ फिरलं की 'लीड'. धवल नावाच्या पोराला सात स्थळांनी नकार दिला, तो आज 'प्रिन्सिपल' आहे. (आठव्यानं नकार दिला तर विश्वजितला खुर्ची सोडावी लागेल.) पोरीचं मात्र उलटं. तिचं बघायला लागले की म्हणतात, आता ही जाणार, हिला कशाला हुद्दा. पोराचं लग्न निघालं की पेढे आणि पोरीचं निघालं की निरोपाचा नारळ. हे मी चहा वाटता वाटता रोज बघत होतो आणि मला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

तर पौषात परदेशातून एक काम आलं. तिकडची एक मोठी कंपनी आपल्या भागातली द्राक्षं घेते, तिला वेबसाइट हवी होती. काम द्यायच्या आधी त्यांनी एक फॉर्म धाडला. त्यात एक प्रश्न असा की तुमच्याकडं काम करणाऱ्यांत बायका किती. आणि खाली लिहिलेलं की शुक्रवारी चार वाजता आम्ही व्हिडिओवर तुमची सगळी माणसं बघू. विश्वजितचा चेहरा पडला. बारांत एक म्हणजे फारच पातळ. तेव्हा नाथाजीराव, मी पुढं झालो. लष्करात इन्स्पेक्शनला दहा बादल्या कमी पडल्या तर आम्ही शेजारच्या कंपनीतून आणायचो, साहेब मोजून गेला की परत. तीस वर्षांत एकदाही पकडलो गेलो नाही. मी म्हटलं, संक्रांतीचं हळदीकुंकू अजून चालू आहे, शिवांजलीच्या आईला सांगतो, यंदाचं हळदीकुंकू ऑफिसात ठेव. बायका आपोआप येतील. विश्वजितनं माझे पाय धरले. शिवांजली एवढंच म्हणाली, "आबा, मला कुणी इचारलं तर मी खरं सांगणार." मी तिकडं लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी साडेतीनला चौदा बायका आल्या, तुमच्या भगिनी त्यांत पहिल्या. अकरा पोरांना मी गच्चीवर चढवलं आणि खोकायचं नाही असा हुकूम दिला. रिकाम्या झालेल्या अकरा काँप्युटरसमोर तेरा जणी दाटीवाटीनं बसवल्या. चौदावीला जागा उरली नाही, तिला प्रिंटरसमोर बसवलं. फोटो तेव्हाचा, आणि त्याखालची ओळ ही तुमच्या भगिनींची थट्टा. चारला पडदा लागला. समोर दोघी होत्या, एक गोऱ्या मोठ्या बाई, आणि शेजारी दुभाषी म्हणून ऋचा नावाच्या आपल्याकडच्याच एक बाई, मूळच्या वाईच्या. बादल्या मोजणारा साहेब आपल्याच गावचा निघाला की काय होतं ते मला तेव्हा कळलं. ऋचाताईंनी एकदा सगळ्यांच्या कपाळांकडं बघितलं, एकदा टेबलावरच्या तिळगुळाकडं बघितलं आणि वहीत मान घातली.

तरीही निभावलं असतं. गोऱ्या बाई खुशीत दिसत होत्या. पण आमच्या मंडळींनी चार वाजून दहा मिनिटांनी वाण वाटलं. (यंदा चहाची गाळणी होती.) मी आयुष्यभर फौजा हलवल्या, पण ही एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती की वाण हातात पडलं की हळदीकुंकवाला आलेली बाई थांबत नाही. तिला अजून पाच घरं करायची असतात. चौदाच्या चौदा उठल्या. मी दारात आडवा झालो तर मलाच तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगून गेल्या. बरं, जाताना पडद्यावरच्या पाहुणीला न विचारता कसं जायचं, म्हणून एकेक जण पडद्यापाशी जाऊन "येते हं, तुमी बी या घरी" म्हणून गेली. तुमच्या भगिनींनी आधी ऋचाताईंना विचारून घेतलं, "सवाष्ण हायती न्हवं?" आणि हो म्हटल्यावर गोऱ्या बाईंच्या कपाळाच्या अंदाजानं पडद्याला हळदकुंकू लावलं. बाईंनी तिकडं मान झुकवली. (कुंकू अजून पडद्यावर आहे. पुसायला कुणी धजत नाही.)

सव्वाचारला, आमची मंडळीही बायकांना पोचवायला बाहेर गेल्यावर, खोलीत मी, विश्वजित, चौदा रिकाम्या खुर्च्या आणि कोपऱ्यात काम करत बसलेली शिवांजली. ऋचाताईंनी शांतपणे विचारलं, "आता सांगा, इथं काम कोण करतं?" शिवांजली उभी राहिली आणि म्हणाली, "मी. आन् अकरा जण गच्चीवर हायत." गोऱ्या बाईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पडद्याबाहेर गेल्या. पोरांना खाली बोलावलं. बाईंनी धवलला, म्हणजे प्रिन्सिपलला, मागच्या बाजूचा एक प्रश्न विचारला. धवलनं घसा साफ केला आणि मान शिवांजलीकडं वळवली. त्याच्याबरोबर बाकीच्या दहांनीही वळवली. 'दाहिने देख' म्हटल्यावर इतक्या एका दमात माना वळलेल्या मी प्रजासत्ताक दिनालाही बघितलेल्या नाहीत. मग पाऊण तास पोरगी बोलली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण ती अडखळली नाही एवढं कळलं, आणि माझा ऊर भरून आला हेही लिहितो. चार वर्षं ती रोज संध्याकाळी घरी येऊन आईला भाकरी थापू लागायची, आणि दिवसभर ती काय करते हे मी, तिच्याच ऑफिसात बसून, त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

काम मिळालं. फॉर्मात बायकांची संख्या एक अशी खरी भरली. अट एवढीच की प्रमुख शिवांजली असेल आणि पुढच्या भरतीत पोरींचे अर्ज आधी उघडायचे. तर फोटोचा खुलासा हा असा आहे. मनात किंतु ठेवू नये. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला गरम पाण्याचा शेक.

आपला,
लालासाहेब

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. काम द्यायच्या आधी गोऱ्या बाईंनी विचारलं होतं, ही मुलगी पुढच्या वर्षी इथं असेल ना? विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. शिवांजलीनंही बघितलं.  मी म्हणालो, असेल. नाथाजीराव, म्हणजे मार्गशीर्षात तुम्हाला एक शब्द दिला आणि पौषात पडद्याला उलटा. सुभेदाराच्या तोंडात दोन शब्द शोभत नाहीत, म्हणून त्यातला तुमच्याकडचा मी परत मागतो. तो द्यायचा मला अधिकार नव्हता. नोकरी तिची होती, आणि बैठकीत बसलेल्या वीस माणसांतल्या एकानंही तिला विचारलं नव्हतं, बापानंसुद्धा नाही. मला चारचौघांत बोला, मी खाली मान घालून ऐकून घेईन. पण लेकरू तिथं चांगलं आहे हो. ते मोडू नका.

ता. क. दुसरा. पत्र शिवांजलीच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, वरचं सगळं फाडा आणि फक्त ता. क. पाठवा. मी पाकिटाला जास्तीचं तिकीट लावलेलं असल्यामुळं सगळंच पाठवतोय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात शिवांजली आली. तिला धीर करून सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग थोडी रडली, मग म्हणाली, आबा, मी वीरधवलला सुपारीच्या दुसऱ्याच रविवारी सांगितलंय की नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला होता, मी वर्षातले दहा महिने बर्फात, तू वडूजला बसून काय करणार. त्यानं ते त्याच्या आईला सांगितलं, आणि राहीबाई वहिनींनी शिवांजलीला फोन करून सांगितलं, "पोरी, तू आपलं काम कर. आमच्या ह्यांस्नी आन् तुज्या आबांस्नी कळंल सावकाश. दोगं बी शब्दाला लय जपत्यात, आपण कशाला त्यास्नी तरास द्यायचा." म्हणजे दोन घरांत मिळून हे ठाऊक नसलेली माणसं दोनच, एक पत्र लिहिणारं आणि एक वाचणारं. त्यातही शिवांजली म्हणते की तुमच्याकडं पोस्टमनच्या हातून टपाल वहिनीच घेतात, आधी त्या वाचतात, आणि तुम्हाला द्यायचं की नाही ते मग ठरवतात. तेव्हा वहिनी, नमस्कार. एवढं वाचून झालं असेल तर पत्र नाथाजीरावांना द्या, आणि ते वाचत असताना जरा समोर बसा.